पट्टे कुणी बांधले

वोब्बेची काळी घोडी सकाळीच कालव्यात घसरली. दुपारपर्यंत ती पोटापर्यंत रुतली आणि काठावर अक्कल पाजळणारे नऊजण जमले. समुद्राकडचा वारा हाडं पोखरत होता. घोडीनं धडपड सोडली होती, आणि चिखलात उतरायला कुणाचेच बूट राजी नव्हते.

शेजारची आफके सायकलवरून आली, तेव्हा वोब्बे मागवून आणलेल्या क्रेनची साखळी घोडीच्या मानेला घालायला सांगत होता. आफकेनं तीस वर्षं जहाजांच्या कारखान्यात क्रेनला ओझी बांधलेली.

"मान तेवढी वर यील," ती म्हणाली. "बाकीची घोडी हितंच ऱ्हाईल."

बायांनी कॉफी उकळावी, असं काहीसं वोब्बे बोलला. काठ खदाखदा हसला. उंटावरनं शेळ्या हाकणाऱ्यांशी काय बोलायचं? तिनं क्रेनवाल्या हिल्केकडून दोन रुंद पट्टे, एक फळी आणि एक लोखंडी दांडा घेतला नि कमरेइतक्या चिखलात उतरली.

घोडीच्या कुशीला गाल टेकून तिनं फळीच्या टोकानं एक पट्टा पुढच्या पायांमागून पोटाखाली सरकवला, दुसरा मागच्या पायांपुढून. बरगड्या आवळू नयेत म्हणून पट्टे दांड्याच्या दोन टोकांना अडकवले, दांडा क्रेनच्या हुकाला. डोक्याची दोरी वोब्बेच्या हातात दिली.

"वढायचं न्हाई. नुसतं धरायचं. येवढं जमंल न्हवं?"

तिनं बोट वर केलं. चिखलानं फस्सकन घोडी सोडली. वोब्बे मोकळ्या हातानं डावं-उजवं दाखवत होता. हिल्केची नजर आफकेच्या बोटावरून हलली नाही. घोडी गवतावर टेकली, थरथरली, आणि हळूहळू चारी पायांवर उभी राहिली.

तेव्हा वोब्बेला कंठ फुटला. उशिरा आलेल्यांना तो सांगू लागला, की आपण पहिल्यापासनं पट्टेच म्हणत होतो.

हिल्केनं क्रेनच्या खिडकीतून डोकं काढलं. "मग सोड की तूच."

वोब्बे पट्ट्यांपाशी गेला. कुठला आधी, कुठून, काही उमगेना. काठावरचे आपापले बूट न्याहाळू लागले. आफकेनं त्याला चांगलं ताटकळू दिलं, हातावरचा चिखल सावकाश निपटला.

"सर मागं," ती म्हणाली. "लाथंच्या टप्प्यात हुबा हाईस. मानंला साखळी कोन घालत हुता, ते घोडीनं बघितलंय."