गुळात बुडवलेली पट्टी

वडवणीच्या बाजारात त्या दिवशी कांद्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळी गर्दी चिंचेखालच्या मांडवात लोटली होती, कारण छबुबाईला दिसायला लागलं होतं. सत्तरीची म्हातारी. शिबिरात मिळालेला चष्मा तीन वर्षं तिच्या नाकावर होता, आणि चुलीचा धूर, जात्याचं पीठ अन् डोक्याचं तेल तीन वर्षं त्या चष्म्यावर. ज्योतीमहाराजांनी एक चंदेरी पुडी फाडली, आतली ओली पांढरी पट्टी काचांवरून फिरवली आणि चष्मा म्हातारीच्या डोळ्यांवर चढवला.

"काय दिसतंय, माउली?"

"एसटीच्या टपावर कोंबड्यांची पाटी हाय," छबुबाई म्हणाली. "त्यातल्या एकाचा तुरा तुटलेला हाय."

लोकांनी हात जोडले. चष्मा याआधी कधी धुतला होता का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

टपऱ्यांवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा नुकत्याच लटकायला लागल्या होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. दुनियेचा माल पुडीत बसून गावात येत होता, मग चमत्कारानं तरी का मागं राहावं? महाराजांचं तोंड चालू झालं. "ही पट्टी म्हणजे हिमालयातलं धुकं आहे, बाबांनो. डोळ्यातला दोष ती पिऊन घेते. घरी न्या, डोळे पुसा, चष्मे पुसा. मग गुळाच्या पाण्यात बुडवून पुन्हा पुडीत घाला. पुडीवर बॉलपेननं दाबून नाव लिहा आणि बांधाला चार बोटं मातीत पुरा. अकरा दिवसांनी उकरा. पट्टीची माती झालेली असेल. कचरा नाही, उकिरडा नाही. आणि नाही झाली माती, तर आसपास कुणाची तरी नजर वाईट आहे. दुसरी न्या."

बोलता बोलता त्यांनी समोरच्या घंगाळातल्या चिखलात एक पट्टी कालवली, मंत्र म्हटला आणि चिखल उपसून दाखवला. पट्टी गायब. पहिल्या रांगेतले खडकवाडीचे बबनराव उठून म्हणाले, "माझ्या बांधावर पुरल्या होत्या पंधरा. अकराव्या दिवशी एक सापडली न्हाई."

हे मात्र खरं होतं. म्हणूनच गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या भामाबाईच्या कपाळाची शीर उडत होती. तिच्या पायाशी एक पोतं होतं.

भामाबाई धनगराची. नवरा गेल्यावर चाळीस मेंढ्या तिनं एकटीनं सांभाळल्या. सुगी सरली की खडकवाडीचे शेतकरी तिला रानात मेंढ्या बसवायला बोलवायचे. कळप रात्रभर शेतात बसायचा, लेंड्यांचं खत जमिनीला मिळायचं, बदल्यात भामाबाईच्या घरात ज्वारी यायची. त्या वर्षी कळप बबनरावांच्या रानात बसला, शेजारच्या परमेश्वरच्या रानात बसला, आणि महिन्याभरात मेंढ्या रवंथ करायच्या थांबल्या. पोटं टम्म फुगायची, माना जमिनीला टेकायच्या आणि सकाळी पाय ताठ. बावीस गेल्या.

ती हातापाया पडायला महाराजांकडं गेली होती. महाराजांनी तिच्याकडं बघितलं आणि चारचौघांत सांगितलं, "नजर हिचीच वाईट आहे. स्वतःच्या मेंढ्या खाल्ल्या हिनं." बबनरावांनी त्याच दिवशी निरोप धाडला की तुझा कळप आमच्या रानात नको. मग कुणाच्याच रानात नको झाला. ज्या बाईच्या मेंढ्या मेल्या, तिलाच गावानं मेंढ्यांची मारेकरी ठरवलं. भामाबाई रडली नाही. तिच्या पोटात राग बसला आणि तो हलला नाही.

तेविसावी मेंढी मेली तेव्हा ती खांद्यावर टाकून तिनं ढोरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर सिद्धाराम यांनी पोट फाडलं. आतून नारळाएवढा गोळा निघाला: पांढऱ्या पट्ट्या आणि चंदेरी पुड्या, एकमेकींत पिळून घट्ट झालेल्या.

"कापूस हाय का ह्यो?" भामाबाईनं विचारलं.

"कापूस असता तर कुजला असता, बाई. हे प्लास्टिकचे धागे. चष्मा पुसायची पट्टी आहे, एकदा वापरून फेकायची. शहरात चष्म्याच्या दुकानात मिळते. ही मुदत संपलेली दिसते, कुणीतरी घाऊक उचलली असणार. मातीत टाकली तर तुमच्या नातवंडांनाही तशीच सापडेल."

"मंग खडकवाडीत माती कशी झाली तिची?"

डॉक्टरांनी गोळ्याचा वास घेतला आणि तिच्याकडं बघितलं. "गूळ," ते म्हणाले.

भामाबाईनं गोळा हातात घेतला. चार बोटं माती, खाली गूळ, आणि वर रात्रभर भुकेला कळप. खुरानं उकरायचं आणि गिळायचं. ज्या ज्या बांधावर चमत्कार झाला, त्या त्या बांधावर तिच्या मेंढ्या बसल्या होत्या. गावाच्या श्रद्धेची माती तिच्या मेंढ्यांच्या पोटात झाली होती.

तिनं मेलेल्या मेंढ्या जिथं पुरल्या होत्या तो खड्डा एकटीनं उकरला. नाकाला पदर बांधून गोळे काढले, ओढ्यावर धुतले, प्रत्येकाला त्या त्या मेंढीची खूण बांधली आणि पोत्यात भरले. बाजाराला जाता जाता ते पोतं बसवेश भंगारवाल्याकडं नेऊन बघितलं. फुटकी बादली, गंजका खिळा, काहीही घेणारा माणूस. त्यानं पुडी चुरगाळली, उलगडली आणि परत दिली. "ह्यात कागद, प्लास्टिक अन् चांदीसारखा पत्रा एकमेकाला चिकटवलेला हाय, मावशी. सुटं होत न्हाई, वितळून कामाचं न्हाई. हे फुकटबी कुणी घेत न्हाई."

ते पोतं घेऊन ती आता मांडवात पुढं आली. मागून डॉक्टर चालत होते. गर्दी नजर लागेल म्हणून आपोआप बाजूला झाली, तेव्हा वाट सोपी झाली.

"महाराज, माझी एक पट्टी पुरा घंगाळात," ती म्हणाली. "पुडी मी फोडणार."

"अशा हातानं पट्टी विरत नसते, बाई."

"मंग तुमच्या हातानं पुरा. पुडी तेवढी माझी."

लोक बघत होते. महाराजांनी पट्टी चिखलात कालवली, मंत्र म्हटला, पुन्हा म्हटला. भामाबाईनं घंगाळात हात घातला आणि पट्टी बाहेर काढून पिळली. अख्खीच्या अख्खी. तोवर डॉक्टरांनी महाराजांच्या मांडीखालचा कागदाचा गठ्ठा ओढून वर धरला. "लग्नाच्या पंगतीत हात पुसायला ठेवतात तो कागद," ते म्हणाले. "चिखलात चोळला की लगदा. चमत्कार एवढाच."

"आमच्या बांधावर काय मांडीखालचा कागद व्हता का बे?" बबनराव गरजले. "तिथं माती झाली ती?"

भामाबाईनं पोतं त्यांच्या पायाशी रिकामं केलं. वास सुटला तसे लोक मागं सरकले. बॉलपेनची शाई धुऊन गेली होती, पण दाबून लिहिलेली अक्षरं पत्र्यात रुतली होती. डॉक्टर एकेका गोळ्यातली पुडी तिरकी धरून वाचत गेले आणि भामाबाई सांगत गेली.

"बबनराव."

"पांढऱ्या तोंडाची. गाभण व्हती."

"परमेश्वर."

"लंगडी. तिला मी बाटलीनं पाजून वाढवलती."

"बबनराव. परत बबनराव."

बबनरावांनी खाली बघितलं ते वर बघितलंच नाही. भामाबाईला ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची तिला लाज वाटली नाही.

मग तिनं पदराची गाठ सोडली. गुळात बुडवलेली पट्टी होती. "ह्या मी न्हाई मारल्या, महाराज. तुमी मारल्या, अन् वर माझं नाव घेतलंत. माती व्हती ना हिची? मंग पोटातबी व्हईल. माझ्या मेंढ्यांनी खाल्ली. एक तुमी खावा."

महाराजांनी तोंड फिरवलं. तिनं पट्टी त्यांच्या ओठांजवळ नेली. "गोड हाय," ती म्हणाली. छबुबाईनं आपला चष्मा लुगड्याला पुसला आणि नीट निरखून बघितलं. महाराजांचे ओठ घट्ट मिटलेले होते. वडवणीच्या त्या बाजारात इतकं स्वच्छ कुणाला कधी दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी बोलावलेले पोलीस आले तेव्हाही ते ओठ उघडले नव्हते.

आता साधं बोलू. चष्मा साबणाच्या पाण्यानं आणि सुती चिंधीनं पुसला की स्वच्छ होतो; चिंधी पुन्हा धुता येते. डोळ्यांना दोष असेल तर डॉक्टर आहे. आणि एखादी वस्तू नाहीशी झाली असं कुणी सांगितलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, की ती गेली कुठं? कुणाच्या तरी शेतात, ओढ्यात नाही तर मुक्या जनावराच्या पोटात ती असतेच.

आठ दिवसांनी बबनराव स्वतः भामाबाईच्या दारात आले. झालं गेलं विसर, म्हणाले, सतरा तर सतरा, मेंढ्या आमच्या रानात बसव.

"इसरत न्हाई," भामाबाई म्हणाली. "आधी बांध उकरा. सगळे. तुमच्या हातानं."

दुसऱ्या दिवशी खडकवाडीचे बाप्ये बांधाबांधाला उकिडवे बसून मातीतून पुड्या वेचत होते. मेंढ्यांपासून वाचलेल्या त्या पट्ट्या महिनोन्महिने मातीत होत्या, आणि झटकल्या की नव्यासारख्या पांढऱ्या दिसत होत्या. भामाबाई काठी टेकून उभी होती. दिवस कलला तसे बबनराव कंबर धरून उठायला लागले, तेव्हा तिनं काठीनं जागा दाखवली.

"बसा. तिथं अजून एक हाय."