आकड्याला लावलेला कौल

रंभाबाईंनी एका आकड्याला कौल लावला होता, पण ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. सांगून करणार काय? लोक म्हणाले असते, म्हातारीचं डोकं फिरलं.

त्याचं असं झालं. आयटी पार्कला लागून असलेल्या माण गावातल्या त्यांच्या घरात अकोल्याचा अनिमेष भाड्याने राहायचा. आयटीतला पोरगा, पण नाद भलताच. त्याचा कॉम्प्युटर महिनाभर न थांबता एकच आकडा तपासत होता. एकाची दुप्पट, तिची दुप्पट, असं तेरा कोटींहून जास्त वेळा करायचं आणि शेवटी त्यातून एक काढून घ्यायचा. उरलेला आकडा लिहायला बसलं तर चार कोटी अंक!

"आन् त्यात तपासतुयास काय?"

अनिमेषने त्यांच्याच ताटातले वाल मांडून दाखवले. बारा वालांच्या सारख्या रांगा झाल्या. तेराच्या काही केल्या होईनात. "तेरा ही मूळ संख्या, काकू. हा आकडाही तसाच निघाला, तर त्याच्या सारख्या वाटण्या कुणालाच करता येणार नाहीत."

वाटण्या! धाकट्या मुलाच्या, राजूच्या बायकोला, शुभांगीला, वेगळी चूल हवी होती. त्यावरून घरात आठ दिवस धुसफूस चालली होती. गावदेवाला कौल लावायला रंभाबाई धजत नव्हत्या. देवाने डावा, नकाराचा कौल दिला तर? म्हणून त्यांनी मनोमन आकड्यालाच धरलं. तो फुटला नाही, तर घर फुटणार नाही.

मग काय, दुपारी डोळा लागला की वालच वाल. अंगणभर, मुळा नदीपर्यंत, पार काचेच्या इमारतींच्या पायऱ्यांवर. त्या रांगा लावत चालायच्या, चालतच राहायच्या, आणि शेवटी एक वाल हातात उरायचा. गुळगुळीत, कोमट. किती बरं वाटायचं! जाग आल्यावरही त्या मूठ उघडून बघायच्या.

एका रविवारी अनिमेष जिन्यावर तोंड पाडून बसलेला दिसला.

"फुटतो, काकू."

"किती जणांत?"

"तेच कळत नाही. तपासणी एवढंच सांगते, की फुटतो. कशाने फुटतो, ते शोधायला आपला जन्म पुरायचा नाही."

रंभाबाई त्याच्या शेजारी बसल्या. आत शुभांगीची भांड्यांची आदळआपट चालली होती. पाच वर्षं झाली पोरीच्या लग्नाला, पण अजून मिठाच्या बरणीला हात लावायचा तर सासूला विचारून. रंभाबाईंना रडू आवरेना.

"तुझ्या आकड्याचं मला ठावं न्हाई, बाळा. आमचं घर कशानं फुटतंय, ते पक्कं ठावं हाय. माज्यानं."

पदराने डोळे पुसून त्या आत गेल्या.

"शुभांगे, मागची खोली झाडून घे. तुजी चूल तितं मांड. आन् पयल्या दिवशी मला जेवाया बोलाव."

शुभांगीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "काय करू जेवायला, आत्या?"

"ते," रंभाबाई म्हणाल्या, "मला इचारू नगंस."