बरणीतून पुन्हा काढलेला नाग

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. अमरावतीच्या एका फोटो स्टुडिओच्या फळीवर हल्ली माझा मुक्काम असतो. देहावर धूळ बसली असली, तरी भिंग अजून स्वच्छ आहे.

स्टुडिओच्या फरदीनने मला प्रथम लग्नमंडपात उभे केले. तेथे एक रीत होती. हार घालण्याचा क्षण नीट टिपला गेला नाही, तर फरदीन हात वर करी आणि नवरानवरी निमूटपणे तो हार पुन्हा घालीत. त्यात कोणाचे काही बिघडत नसे. मला पाहताच वऱ्हाडी मंडळी केस सारखे करीत; तो माझ्या मानाचा काळ.

पुढे लग्ने मोबाइलवर टिपली जाऊ लागली. तेव्हा फरदीन मला घेऊन साप पकडणाऱ्या धर्मेंद्रबरोबर हिंडू लागला. धर्मेंद्रच्या चॅनेलला प्रेक्षक हवे होते आणि प्रेक्षकांना फणा हवा होता. मुकाट्याने निघून जाणारा साप कोणी पाहत नाही.

नांदगाव पेठेजवळ शकुनबाईंची भाजीची वाडी आहे. तेथे क्रेटखाली नाग निघाला. धर्मेंद्रने त्याला अलगद बरणीत घेतले, झाकण लावले. आता त्याला जंगलात सोडणे तेवढे उरले होते. परंतु मंडपातल्या सवयीने फरदीनचा हात वर गेला.

"दादा, एकदा अजून काढा. फणा बराबर नाही आला."

नाग बाहेर काढला गेला. तो कुंपणाकडे धावला की धर्मेंद्र शेपटीला धरून त्याला माझ्यासमोर फरफटत आणी, साप धरायच्या आकड्याने डिवची, पुन्हा ओढी. अखेर नागाच्या तोंडातून रक्त आले. फणा उघडेना.

शकुनबाई म्हणाल्या, "दमला जी तो. जाऊ द्या त्याले."

"मावशी, सारा जिल्हा तुमची वाडी पाहून राहिला, अन् तुमी सापाची बाजू घेता?" धर्मेंद्र हसत माझ्याकडे वळला.

त्याच क्षणी नागाने त्याचे मनगट धरले. झटकले तरी सोडले नाही. मग गर्दीतून फावडी आली. पहिल्या घावाने नाग मधोमध तुटला आणि मनगटावरची पकड सुटली. दुसऱ्याने डोके ठेचले. तुटलेले धड तरीही मातीत वळवळत होते. रक्ताचा शिंतोडा माझ्या भिंगावर उडाला. धर्मेंद्र वाचला, पण विषाने सडलेली त्याची दोन बोटे कापावी लागली.

लोकांपर्यंत गेलेल्या व्हिडिओत बरणी आली नाही, शेपूट ओढणारा हात आला नाही, शकुनबाईंचा शब्दही आला नाही. ढोलांच्या गजरात फणा तेवढा डोलत होता आणि वर ठळक अक्षरे होती: 'खुनशी नागाचा हल्ला'. पाहणारे लाखांनी जमले. कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपण ऐकले असेल. मला ते मान्य नाही. कात्रीने निवडलेले सत्य असत्याहून अधिक घातक असते, कारण त्यावर कोणी शंका घेत नाही.

याचा पुरावा लवकरच मिळाला. त्याच वाडीत धामण निघाली. फरदीन मला घेऊन पोचला, तेव्हा शकुनबाई फावड्यांपुढे आडव्या उभ्या होत्या.

"धामण हाय ते. उंदरं खाते, माणसं नाई."

शेजारच्या मनोजने त्यांच्यापुढे मोबाइलवर तोच व्हिडिओ धरला. "पाहा ना काकू, याच्यात दाखवलं कसा डसते तो."

बाईंना बाजूला ढकलून लोकांनी त्या बिनविषारी जिवाचा चेंदामेंदा केला. फरदीनने मला सुरूच केले नाही. स्टुडिओत येऊन त्याने मला या फळीवर ठेवले.

मित्रांनो, पडद्यावर चवताळलेले जनावर पाहाल, तेव्हा एवढेच विचारा: ते पळून जात असताना त्याला मागे कोणी ओढले? तो हात माझ्या चौकटीबाहेर असतो, आणि त्याला बळ तुमच्या पाहण्याचे असते.