चौथा प्लग

सासऱ्यांना त्यांच्या म्हाताऱ्या गाडीसाठी जुन्या पद्धतीचे स्पार्क प्लग एकदाचे मिळाले. तीन एका दुकानात, चौथा दुसरीकडे. घाईघाईने चारही बसवून ते गाडीत जाऊन बसलेसुद्धा. गाडीची किल्ली ते कुणाच्या हाती देत नसत. झोपतानाही उशाशी ठेवत.

गाडीतून निघालेले जुने प्लग मी नव्यांच्या रिकाम्या खोक्यांत भरत होते. तीन नेमके बसले. चौथा मात्र खुळखुळला. म्हणजे नवा त्याहून लांब होता! गाडी चालू झाली की आतला पिस्टन थेट त्या प्लगवर आदळणार. धावत जाऊन मी खिडकीतून हात घातला आणि किल्ली उपसून घेतली.

"डोकं फिरलंय का तुझं?" ते कडाडले.

"बाबा, आधी इंजिन हँडलने फिरवून बघा. हळू."

ते धुसफुसत उतरले, पुढे हँडल लावलं आणि जेमतेम अर्धा फेरा दिला. आतून आवाज आला, टक. हँडल तिथेच अडलं.

बाबांनी हँडल काढून खाली ठेवलं. मी किल्ली पुढे केली. त्यांनी घ्यायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"राहू दे," ते म्हणाले, "तुझ्याजवळच."