मुसळाचा भूकंप

जमनाबाईनं मुसळ उचललं आणि रिकाम्या उखळात हाणलं. मिरच्या बाजूच्या सुपात तशाच पडून होत्या. कोणी विचारलंच तर दाखवायला त्या. उखळ अंगणातल्या उघड्या खडकातच कोरलेलं, तिच्या सासूच्याही सासूच्या काळातलं. त्यात घाव पडला की तो थेट खडकात उतरायचा आणि तोच खडक पुढं गोठ्याखाली गेलेला होता. गोठ्यात, खड्ड्यात, भूकंप नोंदवणारं यंत्र पुरलं होतं.

तांडा बाळापूरच्या रस्त्यापासून बराच आत, माळावर. इकडं जमिनीतून अधूनमधून गुरगुर येते, भांडी वाजतात, माणसं बाहेर पळतात आणि थोड्या वेळानं पुन्हा चुलीपाशी येऊन बसतात. त्या गुरगुरीचा माग काढायला भूकंपाच्या खात्यातले लोक हिंगोलीहून जागा शोधत आले, तेव्हा तांड्याच्या टोकाचं जमनाबाईचं घर त्यांना पसंत पडलं. रस्ता लांब, खाली सलग खडक, गोठ्यात जनावर नाही, घरात एकटी बाई. एकटं असण्याचा असाही कोणाला उपयोग होतो, हे तिला तेव्हाच कळलं.

मुलगा प्रेमदास पुण्याकडं एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. तिला फोन लावता येत नव्हता असं नाही. पण लावला की तो म्हणायचा, “याडी, ड्यूटीवर हाय, मंग करतो,” आणि त्याचं ते ‘मंग’ काही उजाडायचं नाही. याडी म्हणजे आई. तांड्यावरून पुण्याला जाताना त्यानं तेवढा शब्द बरोबर नेला होता. आपणहून त्याचा फोन आला तो गेल्या थंडीत, चांगला धक्का बसला तेव्हा. भिंतीला तडा गेला का, कुठं झोपलीस, जेवलीस का, सगळं त्यानं विचारलं. बातम्यांत दाखवून राहिले, यंत्रात नोंद झाली म्हणं, असंही म्हणाला.

जमनाबाईनं त्यातून आपलं गणित मांडलं. यंत्राला कळलं की हिंगोलीला कळतं, हिंगोलीला कळलं की बातम्यांत येतं आणि बातम्यांत आलं की प्रेमदासला आई आठवते. मग यंत्राला कळवायला भूकंपच कशाला पाहिजे? पहिल्यांदा तिनं मुसळ हाणलं, त्याच संध्याकाळी त्याचा खरंच फोन आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण फांदी मोडलेली पाहिली की माणसाचा कावळ्यावर भरवसा बसतोच. पुढं फोन आला नाही तेव्हा तिला वाटलं, आपलाच हात हलका पडतोय.

बांधावरून जीप येताना दिसली तशा तिनं सुपातल्या मिरच्या उखळात लोटल्या.

जीपमधून उमैमा उतरली. हिंगोलीची पोरगी, यंत्राची देखभाल तिच्याकडं. पाणी पिऊन ती गोठ्यात जाऊन बसली, लॅपटॉप उघडला आणि यंत्राला जोडला.

“मावशी, जरा इकडं या.”

पडद्यावर रेघा होत्या. उमैमानं एका ठिकाणी बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

“मला काय कळून राहिलं त्यातलं?”

“इथं कोणीतरी कुटतंय. रोज दुपारी. कुटतं, दम घेतं, पुन्हा कुटतं.”

जमनाबाईनं पदराला हात पुसले. “मिरच्या व्हत्या.”

“रोज?”

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन काय उपयोग. जमनाबाईनं सगळं सांगून टाकलं, प्रेमदासच्या ‘मंग’सकट.

उमैमाला हसू आलं होतं, ते तिनं गिळलं. “मावशी, मुसळ कोणतं आणि भूकंप कोणता, हे तिकडं लगेच कळतं. तुमचं कुटणं आम्ही काढून टाकतो. ते बातम्यांत कधी गेलंच नाही.”

“म्हंजी कोनालाच कळलं न्हाई?”

“मला कळलं.”

हे ऐकून जमनाबाईला बरं वाटावं की वाईट, ते तिला ठरवता येईना.

“पण आता यंत्र इथून हलवावं लागेल,” उमैमा म्हणाली. “साहेब विचारतात, तिथं काय गिरणी आहे का म्हणून.”

“हलवू नका. खरा भूकंप आला तर? मंग त्याला कोन सांगल?”

उमैमानं लॅपटॉप मिटायला घेतला होता, तो पुन्हा उघडला. घावांच्या मधल्या जागेत एक बारीक रेघ नुसती हलत होती.

“ही बघा. तुम्ही कुटलं नाही, गाडी गेली नाही, तरी ही चालूच असते. हा समुद्र आहे.”

“कोन्ता समुद्र?”

“लांबचा. तिकडं लाटा आपटतात आणि इथला खडक हलतो. आपल्याला कळत नाही, याला कळतं.”

जमनाबाईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ती त्या रेघेकडं बघत राहिली.

“पुनं समुद्राच्या अलीकडंच हाय ना?”

“हो.”

“बरं.”

एवढंच म्हणून ती उठली. पुण्याखालून समुद्राचं हलणं इथवर पोचत होतं आणि आपण त्यावरच घाव घालत होतो, याचं तिला फार वाईट वाटलं होतं. अंगणातलं मुसळ उचलून तिनं घरात नेलं आणि सहज हात पोचणार नाही असं वर, आढ्याजवळच्या लाकडांत सरकवून दिलं. उमैमा दारातून बघत होती.

“राहू दे यंत्र,” ती म्हणाली. “साहेबांना मी सांगते.”

मुसळ वर गेलं आणि जमनाबाईच्या दुपारी लांबल्या. मिरच्या उखळातून पुन्हा सुपात गेल्या आणि तिथंच वाळल्या. ती कधीकधी गोठ्यात जाऊन बसायची, काही न करता.

मग एका सकाळी ती भाकरी थापत असताना जमीन गुरगुरली. आधी आवाज, मग हिसका. उतरंडीचा वरचा गडू घरंगळत खाली आला, पत्रे खडखडले, तांड्यातली माणसं ओरडत बाहेर पळाली. जमनाबाई पिठाच्या हातानं अंगणात येऊन उभी राहिली. खालच्या घरातली चतुराबाई लेकराला काखेत मारून तिच्याकडं बघत होती.

थोड्या वेळानं घरात फोन वाजला.

“याडी, भूकंप झाला म्हणं? तांड्याच्या ग्रुपवर आलंय. तुला काही झालं न्हाई ना?”

जमनाबाईनं खाली पडलेल्या गडूकडं पाहिलं. मग वर, मुसळाकडं.

“कशाचा भूकंप? मी मिरच्या कुटून राहिले व्हते.”

“काहीच न्हाई?”

“काहीच न्हाई.”

भूकंपच नाही म्हटल्यावर आता तो ठेवणार, असं तिला वाटलं. तिनं त्याला अडवलं नाही. उमैमा रेघेकडं बघायची तशी ती नुसती फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडं गेटवरून एक ट्रक गेल्याचा आवाज आला. मग दुसरा.

“एवढ्या सकाळी मिरच्या कशाला कुटून राहिली?” तो म्हणाला. “गिरणीत दे की.”

“गिरणीच्या तिखटाला चव न्हाई.”

“शिलाबी तेच म्हणती. इकडचं तिखट नुसतंच लाल.” शिला म्हणजे त्याची बायको. “आन याडी, तू मिरच्या भाजून घेती का तशाच कुटती?”

जमनाबाई उंबऱ्यावर टेकली. पायाखालचा खडक पुन्हा बारीक हलू लागला. तो थांबेपर्यंत ती त्याला मिरच्या कशा भाजायच्या ते सांगत होती, आणि थांबल्यावरही.