टोपडं

खोक्यात पाच राऊटर होते, सात सुटे अँटेना, तीन अ‍ॅडॉप्टर, वीतभर वायरचा एक तुकडा आणि एक मेलेलं झुरळ. झुरळ धरून सतरा नग. पट्टीने काकांच्या पलंगाच्या पायथ्याशी वर्तमानपत्र पसरलं आणि झुरळ सोडून बाकी सगळे त्यावर ओळीने मांडले.

पट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती काकांची मोजपट्टी गळ्यात अडकवून घरभर फिरायची आणि सापडेल त्याचं माप घ्यायची. दाराची कडी, मांजराचं शेपूट, झोपलेल्या पाहुण्यांचं नाक. तेव्हापासून ती घरात मोजपट्टी, आणि पुढे आळसापोटी नुसतीच पट्टी. यंदा तिने पदार्थविज्ञानात पदवी घेतली होती. नोकरी लागायची होती, त्यामुळे घरातल्या बिघडलेल्या प्रत्येक वस्तूवर सध्या तिचाच हक्क होता.

खोकं बाबांचं. इंटरनेटची कंपनी बदलली की जुना डबा ते कधी टाकून देत नसत. "राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल," असं म्हणून माळ्यावर ठेवत. ते कधीतरी आता आलं होतं.

झालं होतं असं. घर रस्त्याच्या या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. आणि कोट-शर्ट शिवायचं घरचं वर्कशॉप समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. काका तिथले कटिंग मास्तर. कपड्याचा प्रत्येक भाग आधी तेच आखत, कॉम्प्युटरवर. मग वर्कशॉपमधला प्लॉटर, म्हणजे पलंगाएवढा छापखाना म्हणा, तो भाग खऱ्या मापात कागदावर काढून देई, आणि त्या कागदावरून कापड कापलं जाई. पण काकांचं खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी जिन्याचं नावही काढायचं नाही म्हणून बजावलं. काका खिडकीशेजारच्या पलंगावर बसून आखणी करू लागले, आणि ती आखणी पेन ड्राइव्हमध्ये बसून, काकूच्या पर्समधून, रस्ता ओलांडून जाऊ लागली.

तिथेच माशी शिंकली. पेन ड्राइव्हमध्ये कोटाच्या दोन कॉलरी होत्या, एक जुनी आणि एक दुरुस्त केलेली. छापली गेली जुनी. सगळा गठ्ठा दीड सेंटिमीटर आखूड कापला गेला. कोट झकास झाले, फक्त कोणाच्याच गळ्याशी बसेनात.

बाबा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पलंगाच्या कडेला बसून ते एवढंच म्हणाले, "बाहेरचा एक माणूस आहे, आखणी करून देतो. सोमवारपासून त्याला बोलावतो. तू आराम कर जरा."

"बरं," काका म्हणाले.

स्वयंपाकघरात आल्यावर काकू पट्टीला म्हणाली, "यांनी बरं म्हटलं ना, की समजावं, काहीच बरं नाही. दोन दिवस झाले, मोजपट्टी उशाखाली घेऊन झोपतात."

तेव्हा पट्टीने बाबांना गाठलं. "बाबा, दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडले तर? काका इथूनच थेट छापतील. पेन ड्राइव्हच नको."

"रस्त्यावरून वायर टाकणार? पहिलाच उंच ट्रक गळ्यात घालून घेऊन जाईल."

"वायर नाही. तुमच्या खोक्यातले डबे."

वर्कशॉपच्या इमारतीत इंटरनेटची लाईन आलेली नव्हती, आणि भिंती अशा जाड की फोनवर बोलायचं तरी खिडकीशी येऊन बोलावं लागे. बाबांनी दोन्ही खिडक्यांकडे आलटून पालटून पाहिलं. "शनिवारी संध्याकाळी ती कॉलर पुन्हा छापायची आहे. तुझ्या डब्यांतून गेली आणि मापाला बरोबर उतरली, तर त्या माणसाला मी नको म्हणून कळवतो. नाहीतर सोमवारी तो येणार."

"तुला काय वाटतं, उतरेल?" काकांनी तिला नंतर हळूच विचारलं.

"वाटतं बिटतं काही नाही, काका. मोजून सांगते."

पाचांतला एक राऊटर दिवा लावायलाच तयार नव्हता. एकाच्या अँटेनाचं बूड तुटलेलं. एक चालू होई, पण दर वेळी सगळं विसरून, जणू आत्ताच जन्माला आल्यासारखा. उरले दोन, एक पांढरा आणि एक उन्हाने पिवळट पडलेला. काकूने चहा ठेवता ठेवता दोघांचं बारसं करून टाकलं. "ढवळ्या आणि पवळ्या. बघ हं, वाण नाही पण गुण लागायचा."

बेत सोपा होता. ढवळ्या काकांच्या खिडकीत बसून रस्त्यापलीकडे हाक मारणार. पवळ्या वर्कशॉपच्या खिडकीत बसून ती ऐकणार आणि वायरीने प्लॉटरच्या कॉम्प्युटरला सांगणार. शुक्रवारी सकाळी पट्टीने दोघांना शेजारी शेजारी ठेवून कामाला लावलं आणि तासाभरात तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला. पवळ्याची सेटिंग बदलायला जावं तर बदले ढवळ्याची. ढवळ्याला नीट करावं तर पवळ्या गप्प.

"काय झालं गं?" काका मानेखालची उशी सारखी करत म्हणाले.

पट्टीने डोक्याला हात लावला. "दोघांचा पत्ता एकच आहे! कंपनीतून निघतानाच दोघांना एकच आकडा दिलेला. मी एकाला हाक मारते, ओ दुसराच देतो."

"म्हणजे आपल्याकडच्या दादासारखं."

काका बाबांना दादा म्हणत, आणि पट्टी तिच्या थोरल्या भावाला दादा म्हणे. तो परगावी नोकरीला जाईपर्यंत घरात "दादा!" अशी हाक आली की एक तर दोघं धावत यायचे, नाहीतर दोघंही 'मला नसेल' म्हणून बसून राहायचे. एकदा दूध उतू गेलं ते त्यातच.

"आणि वर दोघंही पत्ते वाटतायत," पट्टी म्हणाली. "जो कॉम्प्युटर येईल त्याला नंबर देतायत."

"पंगतीला वाढपी एकच हवा. नाहीतर एकाच्या पानात दोनदा, आणि दुसरा नुसताच पाणी पितोय."

पट्टीने पवळ्याला वेगळा आकडा दिला आणि त्याचं वाटप बंद केलं. मग रस्ता ओलांडून त्याला वर्कशॉपच्या खिडकीत, काचेला चिकटून ठेवला आणि लॅपटॉपवर आकडा पाहिला. येणाऱ्या हाकेचं बळ उणे एकसष्ट. हे आकडे नेहमी उणेच असतात. शून्याच्या जेवढं जवळ तेवढं बरं. उणे एकसष्ट म्हणजे माणूस समोर उभा राहून, न ओरडता बोलतोय.

खिडकीशी येऊन तिने घरी फोन लावला. "काका, पडद्यावर 'प्लॉटर' नावाचं फोल्डर दिसतंय? उघडा."

पलीकडून माऊसची टिकटिक ऐकू आली. मग काका म्हणाले, "अगं, हे तर माझं टेबल आहे!"

वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरवरचे सगळे पॅटर्न काकांच्या समोर होते, त्यांनी स्वतः नावं दिलेले. पहिल्यांदा त्यांनी जुनी कॉलर शोधली आणि पुसून टाकली. आता जगात एकच कॉलर उरली, कड साडेबेचाळीस सेंटिमीटर. त्या रात्री मोजपट्टी उशाखाली नव्हती. खुर्चीच्या पाठीवर होती.

शनिवारी सकाळी काकू पट्टी उठायच्या आधीच वर्कशॉपला गेली, आणि चहा पिता पिता काकांनी फोल्डर उघडायला घेतलं. उघडेना.

पट्टीने पत्ते तपासले. बरोबर. ढवळ्या बंद करून चालू केला. वाटप पाहिलं, वायरी काढून पुन्हा खोचल्या, शेजारपाजारचं कोणी त्याच वाटेने, म्हणजे त्याच चॅनेलवर, ओरडतंय का ते पाहिलं आणि वाट बदलून पाहिली. काही नाही. अधूनमधून पवळ्या क्षणभर दिसे आणि जाई. जेव्हा दिसे तेव्हा त्याचा आकडा उणे एकोणनव्वद. काल समोर बोलणारा माणूस आज विहिरीच्या तळातून पुटपुटत होता.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "काय म्हणतायत बैल?"

"चारा खात नाहीत," काका म्हणाले. पण विनोदात जीव नव्हता. मग त्यांनी "बरं" म्हटलं, कोणी काही विचारलेलं नसताना.

ते "बरं" पट्टीला टोचलं. तिने लॅपटॉप मिटला. आकडा अठ्ठावीसने पडला होता, तोही एका रात्रीत. डबा एवढा म्हातारा एका रात्रीत होत नाही. मधे काहीतरी आलं असणार. ती खिडकीशी गेली. खाली ट्रक नव्हता. तारेवर एक कावळा होता, तो कालही होता. तिने समोरच्या खिडकीकडे पाहिलं आणि डोळ्यांवर आडवा हात धरला.

"काका, तुमच्या वर्कशॉपच्या खिडकीत काय चमकतंय?"

काकांनी मान लांब केली. "आरसा? नाही... आरसा तर ट्रायलच्या खोलीत."

पट्टीने काकूला फोन लावला. तीनदा लावला तेव्हा कुठे काकू बोलायला खिडकीशी आली. रस्त्याच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर उभ्या, कानाला फोन लावून.

"काकू, तुझ्या कोपराजवळ ते चंदेरी काय आहे?"

"हे होय? पवळ्याचं टोपडं!" काकूने फोन मानेशी दाबून टोपड्यासकट पवळ्याला दोन्ही हातांनी उचलून दाखवलं, बारशातलं बाळ दाखवावं तसं. "अगं, इथे कापडाचे तंतू किती उडतात! आणि खिडकीत ऊन. डोकं तापलेलं त्याचं काल. म्हटलं, लेकरू आपल्यासाठी राबणार, त्याला अंगभर काही तरी नको? सकाळी येऊन पहिलं हेच शिवलं. कानांना दोन खोळीसुद्धा केल्यात."

"कापड कुठलं घेतलंस?"

"इस्त्रीच्या टेबलावर घालतो ना आपण, ते चंदेरी. उरलं होतं. ऊन परतवतं ते."

पट्टीला हसू आवरेना. पत्ते तपासून झाले, शेजारी तपासून झाले. काखेत कळसा म्हणतात तो इथे रस्त्यापलीकडे टोपडं घालून बसला होता. "काकू, त्याच्यावर धातूचा मुलामा असतो. ते ऊन परतवतं तसं आपली हाकही परतवतं. पवळ्याचे कान बांधलेस तू."

"अगंबाई!" काकू म्हणाली, आणि फोन मानेशी तसाच ठेवून टोपडं ओढून काढलं. "कान तर मी मुद्दाम झाकले, वारं लागू नये म्हणून!"

पलंगावर काका पोट धरून हसत होते. हसताना खुबा दुखला तसे कण्हले, आणि पुन्हा हसले. "चाळीस वर्षं मी हिला सांगतोय, कापड बघून कात्री लाव..."

"ऐकू येतंय मला," काकू फोनमधून म्हणाली. "माझं शिवण मात्र मापात होतं हं. इकडे तिकडे कुठे दोरा नाही."

आकडा उणे साठ. कालच्यापेक्षा एकाने बरा. पवळ्याला उघडं ठेवायला मात्र काकूचा जीव होईना. दुपारी तिने जुन्या मलमलीचं दुसरं टोपडं शिवलं, आणि पट्टीने ते घालण्याआधीचा आणि नंतरचा आकडा घेतला. दोन्ही वेळा उणे साठ. तेव्हा कुठे पवळ्याला नवे कपडे मिळाले.

संध्याकाळी बाबा वर्कशॉपमध्ये गेले आणि खिडकीशी येऊन फोन लावला. पट्टीने फोनचा आवाज मोठा करून तो काकांच्या मांडीवर ठेवला. काकांनी चष्मा पुसला, कॉलर उघडली आणि छापायचं बटण दाबलं. पलीकडून आधी काकूचं "आलं, आलं!" आणि मग प्लॉटरची लांब, संथ घरघर ऐकू आली.

काकांच्या प्रत्येक आखणीच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो, दहा सेंटिमीटरचा. तो मोजल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. कागद लहानमोठा झाला असेल तर तो चौकोन लगेच चहाडी करतो.

"छान दिसतेय," बाबा म्हणाले. "मग आता त्या माणसाला..."

"दादा, दिसण्याचं राहू दे. आधी चौकोन मोज. मग कॉलरची कड. आणि मोजपट्टी ताणून धरू नकोस, तुझी ती सवय आहे."

"तू मला मोजायला शिकव आता."

कागद सरकल्याचा आवाज झाला. समोरच्या खिडकीत बाबा वाकलेले दिसत होते, आणि काकू दुसरं टोक धरून उभी होती. काकांनी मांडीवरचा फोन उचलून धरला. पट्टी त्यावर वाकली.

"चौकोन," बाबा म्हणाले. "उभा दहा, आडवा दहा."

"आणि कड?"

"साडेबेचाळीस."