मागच्या सीटवरचे मटार

गाडी शिकवणाऱ्या बाईचा लौकिक होता तो तिच्या शांतपणाचा. शिकाऊ माणसाने गाडी थेट फुटपाथवर चढवली तरी ती म्हणायची, "छान. आता तशीच हळूच खाली उतरवा." कुणी मागे जायच्या ऐवजी पुढे भिंतीच्या भेटीला निघालं, तर ती आपल्या पायाखालचा जादा ब्रेक अलगद दाबायची आणि सांगायची, "भिंत चांगलीच आहे, पण आपल्याला आत्ता मागे जायचंय." गाडीत तिचा आवाज चढलेला आजवर कुणी ऐकला नव्हता.

तो घरी चढायचा. रोज, जेवणाच्या टेबलावर.

कारण घरी भिंगरी होती. पाच वर्षांचा मूठभर जीव, घरभर गरगर फिरणारा, आणि खाण्याच्या बाबतीत पांढऱ्या रंगाच्या पुढे एक पाऊल टाकायला तयार नसलेला. भात, दूध आणि उकडलेला बटाटा, संपली यादी. बटाट्यावर तपकिरी ठिपका दिसला की बटाटा बाद. भाताला गाजराचा नुसता वारा लागला तरी भात बाद.

भिंगरीचा बाप सुतार. एका पदार्थाचा दुसऱ्याला धक्का लागू नये म्हणून त्याने तिच्यासाठी लाकडाची खणाखणांची थाळी केली. कडा घासून इतक्या गुळगुळीत केल्या की हात फिरवत बसावं. भिंगरीला थाळी फारच आवडली. तिने तिच्यात बाहुलीला झोपवलं आणि पांघरूण घातलं.

बाईने तर काय काय नाही केलं! घासाचं विमान केलं, घासाची आगगाडी केली, गोष्टीतल्या राक्षसाला पालक खायला लावला. लालूच दाखवून झाली, डोळे वटारून झाले. एकदा पालक वाटून, गाळून, भाताच्या पोटात लपवला. भिंगरीने घास जिभेवर ठेवला, चोराला रंगेहाथ पकडावं तसं आईकडे पाहिलं, आणि पुढचा आठवडाभर भाताचं शीत न् शीत उलटंपालटं करून तपासलं. म्हणजे पालक राहिला बाजूला, भातावरचाही विश्वास उडाला.

"एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करू नकोस!" बाई ओरडायची. भिंगरी थाळी पुढे ढकलायची. मग टेबलाखाली बाईचा पाय सवयीने ब्रेक दाबायचा. ब्रेक अर्थातच तिथे नसायचा. तिथे सुताराच्या पायाची बोटं असायची.

"अगं आई गं!"

"तू मध्ये बोलू नकोस," बाई म्हणायची.

असं चाललं होतं, आणि असंच चाललं असतं. पण एका संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात सूप ढवळत असताना बाहेरच्या खोलीतून भिंगरीचा आवाज आला.

"बाबा, आज जेवताना आई आहे?"

"आहे की."

"मग मला भूक नाही."

बाईच्या हातातला डाव तसाच राहिला. हे मात्र तिच्या वर्मी लागलं. पालक गेला चुलीत, गाजर गेलं खड्ड्यात, पण आपण घरी असलो की आपल्याच लेकीची भूक मरते? दिवसभर परक्या माणसांना धीर देत फिरणाऱ्या त्या बाईला त्या रात्री काही केल्या धीर येईना. सूप कुणालाच गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या भिंतींना रंग द्यायचं काम निघालं म्हणून मुलांना सुट्टी. सुताराला एक भलंथोरलं कपाट पोचवायचं होतं. तेव्हा भिंगरी आईबरोबर गाडीत. तिला मागच्या सीटवर नीट पट्ट्यात बांधून बाई शिकाऊ माणसाची वाट बघत बसली.

शिकाऊ माणूस म्हणजे दातांचे डॉक्टर. अंगापिंडाने धिप्पाड. दवाखान्यात भल्याभल्यांना खुर्चीत चळाचळा कापायला लावणारे, पण स्टिअरिंगसमोर बसले की त्यांचीच पाचावर धारण बसे. ते आले ते छातीशी कापडी पिशवी धरून.

"मॅडम, मटारच्या शेंगा आहेत. बायकोने बजावलंय, मटार आणल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. मागे ठेवू?"

"ठेवा की. आज मागे माझी लेक आहे, चालेल ना?"

"चालेल, चालेल! पण तिला आधी सांगून ठेवा की मी नवीन आहे."

"मला माहितीये," भिंगरी म्हणाली.

गाडी निघाली, म्हणजे आधी उडाली आणि मग निघाली. गिअर बदलताना डॉक्टरांचं तोंड आपोआप उघडायचं, पेशंटला सांगून सांगून लागलेली सवय. वर ते स्वतःशीच पुटपुटायचे, "काही दुखणार नाही, अजिबात दुखणार नाही."

"मॅडम, समोरून बस येतेय!"

"ती तिच्या बाजूने येतेय, डॉक्टर."

"हो, पण ती मोठी आहे!"

बाईला हसू आवरेना. कालपासून छातीवर बसलेला दगड तेवढ्यापुरता हलला. असं करत करत ते कारंज्याच्या चौकात पोचले. मधोमध कारंजं, भोवती गोल रस्ता. डॉक्टर गोलात शिरले खरे, पण बाहेर पडायची वेळ आली की दरवेळी एखादी सायकल त्यांना आडवी जाताना दिसायची, कधी खरी, बऱ्याचदा मनातली. कारंज्याला पहिली फेरी झाली, दुसरीही झाली. चौकातला वाहतूक पोलीस मान वळवून वळवून त्यांच्याकडे बघायला लागला.

बाई हसत हसत, मागून कोण येतंय ते बघायला, आपल्या बाजूच्या जादा आरशात डोकावली. मागून कोणीच येत नव्हतं. पण मागच्या सीटवर भिंगरीचा हात पिशवीत होता.

एक शेंग बाहेर आली. भिंगरीने ती उलटसुलट केली, कानाशी धरून हलवली, मग अंगठ्याने दाबली. टक! आत दाणे ओळीने बसलेले. तिने त्यांचा वास घेतला, एक दाणा काढला आणि तोंडात टाकला.

हिरवा! दाणा हिरवा होता! "शाब्बास!" अगदी बाईच्या ओठांवर आलं होतं, ते तिने कसंबसं गिळलं.

टक. दुसरी शेंग.

"मॅडम," डॉक्टर म्हणाले, "आता सायकल दिसत नाहीये. बाहेर वळू?"

"नको!"

"नको?"

"म्हणजे... सुरेख चाललंय. हात बसतोय तुमचा. अजून एक फेरी मारा. थांबू नका, काय वाट्टेल ते झालं तरी थांबू नका!"

डॉक्टरांवर असा विश्वास गाडीच्या बाबतीत आयुष्यात कुणी टाकला नव्हता. त्यांची छाती फुगली, खांदे खाली आले, तोंड मिटलं. आणखी एक फेरी झाली, आणखी एक. मागे टक, टक चालूच होतं. बाई एक डोळा रस्त्यावर ठेवून दुसऱ्याने आरसा बघत होती आणि तिच्या मनात अशा उकळ्या फुटत होत्या की सीटवर स्थिर बसणं मुश्कील. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोलिसाने आता नाद सोडला होता. गाडी समोर आली की तो ओळखीच्या माणसाला करावा तसा हात करायचा. एका फेरीला डॉक्टरांनीही स्टिअरिंगवरचा एक हात उचलून त्याला उलट हात केला.

"मॅडम! एका हाताने!"

"बघितलं! फिरवा, फिरवत राहा!"

शेवटी पिशवी रिकामी झाली तेव्हा कुठे गाडी कारंज्याच्या तावडीतून सुटली. घरापाशी उतरल्यावर डॉक्टरांनी पिशवीत बघितलं. सालं व्यवस्थित परत भरून ठेवलेली होती.

"मॅडम, हे काय?"

"डॉक्टर, मी तुम्हाला दुप्पट आणून देते. पण मला रागावू नका, मी आत्ता फार खुशीत आहे."

"रागावू? मी एका हाताने गाडी चालवली!" डॉक्टर म्हणाले, आणि सालांची पिशवी मिरवत घरी सांगायला गेले.

बाई घरी आली ती जवळजवळ नाचतच. सुताराला बाजूला ओढून तिने सगळं सांगितलं आणि वर आपला निष्कर्षही जाहीर केला. "आपण बघतो ना, तिथेच चुकतं. तिला वाटलं, कुणाचं लक्ष नाही, म्हणून खाल्लं. आज तिच्याकडे कुणीही बघायचं नाही. अजिबात नाही!"

"मग कुठे बघू?"

"कुठेही बघ. छताकडे बघ."

संध्याकाळी टेबलावर मधोमध मटारच्या शेंगांची परात आली. सुतार छताकडे बघत सूप प्यायला लागला. बाईने समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला नजर लावली आणि चेहरा असा ताणून धरला की त्यावर सुताराने रंधा मारावा. सुताराचा पहिला चमचा हनुवटीला गेला, दुसरा गालाला.

भिंगरीने बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं, खिळ्याकडेही बघितलं. शेंगांना तिने हात लावला नाही. मग थाळीतलं गाजर एका बोटाने खणाबाहेर ढकललं.

बाईच्या पायाने ब्रेक दाबला.

"अगं आई गं!" सुतार उसळला आणि वाटीभर सूप त्याच्या मांडीवर आलं.

"तुम्ही सगळे तिकडे का बघताय?" भिंगरीने विचारलं.

आता लपवून काय उपयोग? बाई म्हणाली, "तुला खाताना कुणी बघितलेलं आवडत नाही ना, म्हणून. गाडीत कुणी बघत नव्हतं तर तू एवढे मटार खाल्लेस."

"तू बघत होतीस."

"मी?"

"आरशात. तुला मी दिसत होते, तर मला तू दिसणारच ना."

बाईने कपाळाला हात लावला. जन्म गेला आरशात बघण्यात, आणि एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. तिने हळूच विचारलं, "मग मी बघत असताना तू कसे खाल्लेस?"

"तू हसत होतीस." भिंगरीने खांदे उडवले. "जेवताना तू हसत नाहीस. जेवताना तू एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करतेस."

सुताराने मांडीवरचं सूप पुसता पुसता खोकल्याचा आव आणला. आव फसला, आणि तो मोठ्याने हसला. बाईला आधी रडू आलं, अगदी पोटातून आलं. गाडीत सगळ्या जगाला दिलेला तो हसरा चेहरा आपण घरी येताना रोज गाडीतच विसरत होतो, आणि ही एवढीशी पोर त्याची वाट बघत उपाशी बसत होती! मग तिला सुताराची विजार दिसली, त्याच्या हनुवटीवरचा सुपाचा थेंब दिसला, आणि रडता रडता ती अशी हसत सुटली की तिला खुर्ची धरावी लागली.

टक!

भिंगरीने शेंग फोडली होती. तिने दाणे खाल्ले, मग गाजराचा तुकडा उचलला, जिभेच्या टोकाने चाटला, आणि त्याच्या खणात परत ठेवला.

"हे नको."

बाईचा पाय उठला. सुताराने आपली बोटं झटकन मागे घेतली. पण पाय ब्रेक न दाबताच हळूच खाली आला.

"बरं," बाई म्हणाली. "राहू दे." आणि तिने स्वतःच एक शेंग फोडली, कारण तिलाही सडकून भूक लागली होती.

गाजराचं पुढे काही झालं नाही. ते आजही चाटून परत जातं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत असताना, बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"बाबा, आज जेवताना आई आहे?"

बाईचा हात थांबला.

"आहे," सुतार सावधपणे म्हणाला. "का गं?"

"मग माझी खुर्ची तिच्या शेजारी लाव."